माय मयत, नाना मतदार

माझे वडील, नाना, गेल्यानंतर महिन्याभरात मतदार यादी तपासणारे मास्तर नरडाण्याजवळच्या आमच्या घरी आले. ते बदलून आलेले, कोकणातले. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो. पान काही पुढे सरकत नव्हतं.

"घरात कोणी वारलंय का?" त्यांनी माझ्या आईला विचारलं.

"हा."

"नाव?"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे आपलंच नाव विचारतात, असं समजून मायने ते सांगून टाकलं. मास्तरांनी मान हलवली, लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

पुढे ग्रामपंचायतीत वगळलेल्या नावांची यादी लागली. तीत मायच्या नावापुढे 'मयत' लिहिलं होतं. नाना मात्र मतदार यादीत ठणठणीत होते.

मी भीत भीत घरी सांगितलं. माय भाकरी थापता थापता थांबली.

"तुना नाना वर बसीसन मत टाकतीन, आन मी जित्ती ऱ्हाईसन घर बसू?"

निवडणूक जवळ आली होती. दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकून वयस्कर आणि सावध होते.

"अक्का, मग वारलं कोण?"

"याना बाप," माझ्याकडे बोट दाखवून माय म्हणाली.

"त्यांचं नाव?"

"हाऊ सांगी."

मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "भाऊ, तुम्ही थांबा. नावावरूनच एकदा घोटाळा झालाय. अर्ज अक्कांचा आहे, त्यांच्याच तोंडून येऊ द्या."

"गावमा कोणले बी इचारा ना."

"गाव इथं नाही, अक्का. सांगायचं नसेल तर राहू द्या. मग तेच करतील मतदान."

हे मात्र तिला लागलं. तिने पदर नीट केला, डोळे मिटले आणि नानांचं नाव असं ठणकावून घेतलं की कोपऱ्यात बसलेला म्हातारा शिपाई धडपडत उभा राहिला.

"काय, अक्का?"

त्याचंही नाव तेच होतं.

"तू बस, भाऊ," माय म्हणाली. "तू जित्ता शे."

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. आणि हसता हसता, दशक्रियेलाही न आलेलं रडू मला तिथे, अर्जांच्या गठ्ठ्यांसमोर आलं. मायच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कारकुनांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि मायचं नाव घालायच्या व नानांचं काढायच्या, अशा दोन्ही अर्जांवर शिक्के मारले.

मतदानाच्या दिवशी यादीत माय होती, नाना नव्हते. ती केंद्रातून बाहेर आली ती शाईचं बोट इतरांपासून लांब धरून, जणू ते अजून ओलं होतं.

"आतेपावत त्यासनी सांगं तठेच मत दिन्हं," ती म्हणाली. "आज मना मनले पटनं तठे दिन्हं."

"कोणाला?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू शाळा मी नाही, तीच शिकली होती.

"येडा शे का तू? ते कोणले सांगतस नही."

आणि आजवर तिने ते नाव सांगितलेलं नाही.