‘एलओएस म्हणजे काय हो?’

मंडळी, आज सकाळी करावे गावातल्या आमच्या घरी काय झालं ते सांगतो.

माझी बायको स्नेहल, हिचा अकरा वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. आणि नेमकं साडेदहाला नेट गेलं. राउटर मी तीनदा बंद-चालू केला. घरातला कॉम्प्युटरवाला मीच ना! ‘एलओएस’चा लाल दिवा काही जाईना.

शेवटी स्नेहलने कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, एलओएस आहे. उद्या माणूस येईल.”

मी म्हटलं, “झालं, संपलं!”

स्नेहलने शांतपणे विचारलं, “ताई, एलओएस म्हणजे काय हो? मला नाही माहीत.”

“सिग्नल पोचत नाहीये, मॅडम. फायबरच्या वायरमध्ये काचेचा बारीक धागा असतो, त्यातून प्रकाश येतो. वायर कुठे दुमडली तर तो अडतो.”

स्नेहल थेट कपाटाकडे गेली. मघाशी साफसफाई करताना आम्हीच ते भिंतीला चिकटवलं होतं. दोघांनी ओढलं, तर मागे वायर पार दुमडलेली! तिने ती हलकेच मोकळी केली. लाल दिवा विझला, तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती.

इंटरव्ह्यू मस्त झाला. सोमवारी दुसऱ्या राउंडला बोलावलंय!

खरं सांगू? एलओएस हा शब्द मी चार वर्षं रुबाबात वापरतोय. अर्थ मलाही ठाऊक नव्हता, विचारायची लाज वाटायची.

तुम्ही कुठल्या शब्दाला नुसतीच मान हलवत आलाय? इथे बिनधास्त विचारा. कोणीतरी सांगेलच.