वळणावरचा लाइल

लाइल स्टॉडर्ड ओहायोतल्या एका गावात दुधाची गाडी चालवायचा. एका हॅलोविनच्या संध्याकाळी, घरोघरी चॉकलेटं मागत फिरणारा छोटा टोबी भुताच्या काळ्या झग्यात एका वळणावर धावत रस्त्यात आला आणि लाइलच्या गाडीखाली सापडून गेला. पोलिसांनी लाइलला दोष दिला नाही, पण त्यानं पुन्हा गाडीला हात लावला नाही.

तेव्हापासून दर हॅलोविनला तो टॉर्च घेऊन त्याच वळणावर उभा राहायचा आणि गाड्या थांबवून पोरांना पलीकडे सोडायचा. काळे कपडे दिसले की त्यांवर चमकती पट्टी चिकटवायचा.

"आजोबा, भूत कुठं चमकतं का?" पोरं कुरकुरायची.

"या वळणावरचं चमकतं," तो म्हणायचा.

टोबीची आई नडीन त्याच्याशी इतकी वर्षं बोलली नव्हती. यंदा ती नातीला घेऊन आली आणि त्याला पाहून थबकली. मग नातीचा हात पुढे करत म्हणाली, "हिला पलीकडे ने, लाइल."

त्यानं तो हात धरून बाहीवर पट्टी चिकटवली.

"आजोबा, मलापण पट्टी?"

"हो गं, पोरी. आता हात घट्ट धर."

पोरीला पोचवून त्यानं वळून पाहिलं. नडीन तोंडावर रुमाल दाबून रडत होती. तो तिच्याकडे गेला नाही. रस्त्यापलीकडे मान खाली घालून उभा राहिला.