बोकडाची सोडत

आमच्या पिंपळीतल्या मुली उसाच्या पाचटावर ताडपत्री अंथरून कुस्ती शिकत. एकीचा खांदा निखळला तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं, काही झालं तरी तालमीला मॅट घ्यायची. आखाड चालू होता. श्रावण लागायच्या आधी घरोघरी मटण शिजतं, म्हणून बोकडाची सोडत काढायचं ठरलं. पहिलं बक्षीस जिता बोकड, पुढच्या नंबरांना मटणाचे वाटे. माझा आवाज मोठा, त्यामुळे प्रचार माझ्याकडे आला.

धाकट्या दिरांची पिकअप होती. मागे बोकड बांधला, टपावर कर्णा बसवला आणि आम्ही गावं फिरू लागलो. बोकड मारका होता. पहिल्याच चौकात शिंगांना हात लावायला आलेल्या एका माणसाला त्यानं अशी धडक दिली की त्याचा ओठ फाटला. लोक हसले आणि तिकिटांना झुंबड उडाली. मग मीही कर्ण्यातून तेच सांगू लागले, ज्याच्यात धमक असेल त्यानंच हा बोकड न्यावा.

इंदापूर तालुक्यातलं निरवांगी माझं माहेर. तिथं ओळखीची माणसं, त्यामुळे एका सकाळी आम्ही तिकडं गेलो. तिकिटं हातोहात गेली. पण वाटेतल्या एका गावात पोरांच्या एका मंडळाचीही अशीच सोडत चालली होती. त्यांच्या म्होरक्यानं दिरांना फोन करून, आमच्या भागात फिरलात तर हातपाय तोडीन, असं बजावलं होतं. दिरांनी ते माझ्यापासून लपवलं. मी घाबरेन असं त्यांना वाटलं.

परतताना भर दुपारी कालव्याच्या पुलावर दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या दिसल्या. चौघे होते. म्होरक्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता. त्यांनी दिरांना कॉलर धरून खाली ओढलं आणि त्यांचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं, पुन्हा आपटलं. दीर खाली कोसळले तरी दोघं त्यांना लाथा घालत होते. तिसरा मागे चढून बोकड सोडू लागला. बोकडानं त्याला ढुशी देऊन खाली फेकला. ते पाहून म्होरक्या चिडला, वर चढला आणि त्यानं बोकडाच्या मानेवर कोयता मारला. मान अर्धीच तुटली. बोकड पाय झाडत राहिला, फळीवरून रक्त रस्त्यावर गळू लागलं.

मग तो खाली उतरला आणि गाडीच्या दाराशी, माझ्याकडे आला. माझ्या हातातला माईक हिसकावून त्यानं तोच माझ्या तोंडावर हाणला.

"आता बोंबल की," तो म्हणाला.

दात तुटल्याचं मला जिभेनं कळलं. सीटखाली जॅकचा लोखंडी दांडा असतो. मी तो ओढून काढला आणि कोयत्याच्या हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. कोयता पडला, तरी मी मारलंच. खांद्यावर, पाठीवर, पुन्हा त्याच हातावर. माईक चालूच होता. त्याचं ओरडणं कर्ण्यातून चहूकडच्या उसात घुमत होतं. ते ऐकून खुरपणीच्या बायका खुरपी घेऊन धावत आल्या. बाकीचे तिघे त्याला तिथंच टाकून पळाले. एका बाईनं माझ्या कमरेला मिठी घातली तेव्हा कुठं माझा हात थांबला.

दिरांच्या कानातून रक्त येत होतं. त्या बायकांपैकी एकीच्या मुलानं गाडी बारामतीला दवाखान्यात नेली. दीर माझ्या मांडीवर बेशुद्ध, मागे मेलेला बोकड. माझ्या ओठाला टाके पडले. दीर शुद्धीवर आले, पण डाव्या कानानं ऐकू येईना. आम्ही पोलिसात केस केली, म्होरक्याच्या घरच्यांनीही माझ्यावर उलटी केस केली. बोकड आम्ही खड्डा काढून पुरला. ते मटण कुणाच्या घशाखाली उतरणार होतं?

गावातले पुरुष म्हणाले, सोडत बंद करा. बायकांनी ऐकलं नाही. शेजारच्या विधवा बाईनं आपल्या गोठ्यातला बोकड आणून बांधला. मी तशाच सुजलेल्या तोंडानं पुन्हा माईक घेतला. शब्द वाकडे निघत होते. आमच्यावर हल्ला झाला हे मी लपवलं नाही, उलट प्रत्येक गावात सांगितलं. सोडतीच्या दिवशी निरवांगीहूनसुद्धा माणसं आली.

गर्दीत एक म्हातारे फेटेवाले माझ्यापुढे येऊन उभे राहिले. म्होरक्याचे वडील होते ते.

"माझ्या पोराचा हात आता धड व्हणार न्हाय म्हणत्यात," ते म्हणाले. "तुमी केस मागं घ्या, आमीबी घेतो."

"आबा, माझ्या दिराचा कान गेला," मी म्हणाले. "केस न्हाय मागं घ्यायची."

त्यांनी माझ्या ओठावरच्या टाक्यांकडे पाहिलं. मग एस.टी.च्या थांब्याकडे निघून गेले. मला त्यांची दया आली. त्यांच्या पोराची मात्र आली नाही.

बोकड एका भाजीवालीला लागला. मॅट आली.

तारखेला मी आणि दीर इंदापूरच्या कोर्टात जातो. म्होरक्या आपला वाकडा हात छातीशी धरून व्हरांड्यात समोर उभा असतो. त्याला पाहिलं की माझ्या मुठी आपोआप वळतात, आणि नाव पुकारेपर्यंत त्या सुटत नाहीत.