गुपित ठेवणाऱ्यांच्या भुयारात

लंडनला, स्टॅनमोरला लेकाकडे आल्यापासून राजवाडे बघून पाय दुखले होते. सून केतकी म्हणाली, आई, समुद्राकडच्या एका गावात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं भुयार दाखवतात, शनिवारी जाऊ. राजवाड्यात बसू देत नाहीत, भुयारात तरी बसू देतील म्हणून मी हो म्हटलं.

ट्रेनचं तिकीट आधीच काढा, ऐनवेळी फार महाग पडतं. लंडनहून दोन तास, मग बस, मग रानातून पंधरा मिनिटं चिखल. डबा घरून न्या. तिथल्या सँडविचात मीठसुद्धा नसतं. भुयाराला तिकीट नाही, पेटीत मनाला येईल ते टाकायचं.

भुयार म्हणजे जमिनीखाली पुरलेली पत्र्याची खोली. जर्मन उतरले तर गावातल्या सहा जणांनी इथं लपायचं आणि रात्री निघून पूल उडवायचे. खाटीक, माळी, मास्तर, असली माणसं. बायकोलाही सांगणार नाही, अशी सरकारनं सही घेतलेली. जर्मन काही आले नाहीत. आमच्या गल्लीत हे गुपित दूध उतू जाईपर्यंत टिकलं नसतं.

माहिती सांगायला वर खुर्ची टाकून मार्गारेट बसते, नव्वदीला टेकलेली. त्या सहांतला खाटीक तिचा बाप. रात्री गायब, सकाळी गप्प. शेजारणी म्हणायच्या, बाई ठेवलीय. तो गेल्यावर कधीतरी सरकारनं कागद उघडे केले. तिची आई त्याच्याही आधी गेली होती. "आई त्याला लबाड समजूनच गेली," मार्गारेट म्हणाली. केतकीनं मला मराठीत सांगितलं. बघायला आलेले सगळे हळहळले. मी साडीच्या काठाला लागलेला पिवळा चिखल खरवडत होते.

केतकीला म्हटलं, विचार तिला, बापाचे कपडे कोण धुवायचं?

आईच, म्हणे.

"मग तिला कळलं नसेल होय? बाईकडे जाणारा पुरुष गुडघे चिखलात बरबटून येत नाही."

हे इंग्रजीत सांगताना केतकी लाजली. मार्गारेट खुर्चीत माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सोमवारी सगळ्यांचं धुणं अंगणात दोरीवर असायचं. त्याची ती विजार मात्र आई आत, चुलीपाशी वाळवायची. मला वाटायचं, तिला लाज वाटते."

तिनं माझा हात धरला. मला असलं आवडत नाही, पण बसला वेळ होता.

घरी लेकानं विचारलं, जाण्यासारखं आहे का? आहे, गुडघे धड असतील तर. तिथं सहा जणांच्या नावांची पाटी आहे. त्यांनी निदान सही तरी केली होती. मार्गारेटच्या आईची कुणी सही घेतली नव्हती, तरी जन्मभर तिनं शेजारणींचं ऐकून घेतलं.