गोचिडीचा ताप

माझ्या काखेतली काळी खपली डॉक्टरबाईंनी हलकेच दाबून पाहिली. "गोचीड चावली होती का हो तुम्हाला?"

माझ्याआधी आईच म्हणाली, "ही हरसूलला शिक्षिका आहे. घरमालकिणीच्या शेळ्या ओसरीवरच बांधतात."

"मग हा इंडियन टिक टायफस असावा, म्हणजे गोचिडीचा ताप. टायफॉइड नव्हे. गोचीड रक्त पिते, तेव्हा तिच्यातले जंतू आपल्या अंगात शिरतात."

तापाचा तो नववा दिवस होता. सुरुवात डोकेदुखीने झाली. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, ताप हटेना. मग मनगटांवर, घोट्यांवर लाल पुरळ उठलं आणि तळहात-तळपायांपर्यंत गेलं. देवीचा रोग नुकताच देशातून गेला होता. भीती गेली नव्हती. नाशिकला येताना एसटीत शेजारची बाई माझे हात पाहून मूल घेऊन उठली. खपली मला माहीतही नव्हती. दवाखान्यात अंग पुसताना ती आईला दिसली.

रक्ताचा रिपोर्ट यायला चार दिवस लागणार होते. "तोवर थांबायचं नाही," म्हणत डॉक्टरबाईंनी टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल त्याच दुपारी सुरू केल्या. तिसऱ्या सकाळी चादर घामाने भिजली आणि मी आईकडे भात मागितला. आई तोंड फिरवून रडली.

घरमालकीण येसूबाई भेटायला आली, पण दारातच थांबली. "बाई, माझ्या शेळ्यांपायी झालं ना हे? इकून टाकते सगळ्या."

"विकू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. हात साबणाने धुवा."

येसूबाईने ते दोनदा वदवून घेतलं. तिच्या करडाच्या गोचिडी रोज संध्याकाळी मीच नखाने चिरडत होते. आधीच्या दोन डॉक्टरांना मी ताप सांगितला, हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. तुम्ही मात्र सांगा. कुठे राहता, गुरं-शेळ्या, कुत्रं जवळ आहे का, सगळं सांगा.

महिन्याने शाळेत परतले. फळ्यावर मोठी गोचीड काढली तर वर्ग हसला. चौथीतली सोनी तेवढी हसली नाही.

"बाई, माझ्या मानंला हाय एक."

मी तिला उजेडात, खिडकीपाशी बसवलं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढलं. गोचीड अख्खी निघाली. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सांगितलं, "पंधरा दिवस हिच्या अंगाला हात लावून बघत जा. ताप वाटला तर आधी मला बोलवा."

सोनीला ताप आला नाही.