उजवी पाकळी
देवळातल्या ओल्या फुलांचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. वडिलांच्या यकृतात कॅन्सरची गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं : किरणोत्सारी औषध थेट यकृतात सोडून पाहू, पण त्याची शक्ती रोज घटते, तेव्हा सोमवारी हजर राहा. मी मालवणहून बोटीची तिकिटं काढली. काका मात्र अडून बसले, "देवाचो कौल घेतल्याबिगर पाऊल टाकूचा नाय." गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली तर जायचं. गाभाऱ्यात समईचा धूर, अंगाला घामाच्या धारा, आणि पाकळ्या ढिम्म. वडील खांबाला टेकून, पोट धरून म्हणाले, "माका कौल नको रे, माका बोट मिळाक होयी." कोणी ऐकलं नाही. बंदरावर बोटीचा भोंगा वाजून गेला, तेव्हा कुठे उजवी पडली आणि काकांनी समाधानाने हात जोडले. दुसरी बोट मिळेपर्यंत चार दिवस गेले. डॉक्टरांनी शिशाची डबी दाखवली, "औषध आहे, पण त्यातला जोर गेला." आता मोठ्या शहरांत असे उपचार नेहमीचे झालेत म्हणे. काकांना शिव्या देऊन मी थकलो. पण त्या दिवशी तिकिटं माझ्याच खिशात होती.