रात्रीचं जेवण सोडलेली मावशी

टेलरमावशीनं रात्रीचं जेवण सोडलं ते घरमालकानं भाडं वाढवलं तेव्हापासून. दुपारी भात-भाजी, रात्री चहा आणि त्यात बुडवायला कालचा पाव. एकटीसाठी गॅस कोण पेटवत बसणार, असं ती स्वतःला समजवायची. स्वतःशी खोटं बोलताना माणूस फारसे पुरावे मागत नाही.

बुधवारी मात्र ती पोटभर जेवायची. त्या संध्याकाळी बंगलेवालीकडे साठी उलटलेल्या मैत्रिणी पत्ते खेळायला जमत. डाव संपला की टेबल लागे: मासे, भाजलेले बटाटे, वर केक. मावशी "पुरे गं, पुरे" म्हणत ताट पुढंच धरायची.

एका बुधवारी, बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी तिला निरखून पाहिलं.

"काय गं, गालफडं बसली तुझी. बरं आहे ना?"

आवाजात कीव होती. मावशीला त्यापेक्षा भूक परवडली.

"अगं, मी रात्रीचं जेवण सोडलंय," ती ताठ बसून म्हणाली. "फक्त बुधवारी तुमच्यासाठी खाते. काय हलकं वाटतं म्हणून सांगू!"

"बघा, कंबर बघा हिची!" बंगलेवाली ओरडली. "मी त्या आहारवाल्या डॉक्टरणीकडे पैसे ओतून दमले, आणि ही फुकटात बारीक! आता आपणही सोडायचं. आणि आमच्यासाठी तुझा नेम मोडायला नको हो."

पुढच्या बुधवारी टेबलावर लिंबूपाणी आणि काकडी. काप इतके पातळ, की पलीकडच्या बाईचे पत्ते दिसावेत. "तुझ्यामुळे शिस्त लागली आम्हाला," असं सगळ्यांनी कौतुक केलं. मावशीनं ते काकडीबरोबर गिळलं.

त्यापुढच्या बुधवारी तिनं माघार घेऊन पाहिली.

"डॉक्टर म्हणतात, या वयात रात्री खाल्लं पाहिजे."

"डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस? त्यांचं पोट पाहिलंस का?" बँकवाल्या बाई म्हणाल्या. "आता तू डगमगू नकोस बाई. आम्ही तुझ्या भरवशावर आहोत."

बंगलेवाली बर्फ आणायला आत गेली. तेवढ्यात मावशीच्या पोटात असं गुरगुरलं, की शेजारच्या बाईंनी वाकून खुर्चीखाली मांजर शोधलं.

"जरा पाणी पिऊन येते," म्हणत मावशी उठली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार ढकललं. फ्रीजच्या उजेडात बंगलेवाली उभी होती. हातात कोंबडीची तंगडी, गाल फुगलेले.

"तू काही पाहिलं नाहीस," तिनं कसाबसा घास गिळला.

"सगळं पाहिलं. दुसरी तंगडी आहे का?"

"तुझं तर रात्रीचं बंद ना?"

"बंद कसलं गं. परवडत नाही," मावशी बोलून गेली, आणि तिचे कान तापले.

बंगलेवालीनं हातातली तंगडी बशीत ठेवली. मग तिनं दुसरी बशी काढली.

"आधी नाही का बोलायचं? आमचे चिरंजीव नि सूनबाई रोज बाहेर जेवून येतात. मी काय ती बुधवारी चार माणसांत जेवायची, तेही घालवलंस. खा आता. बाहेर बोलू नकोस."

"तूही."

दार पुन्हा वाजलं. बँकवाल्या बाई पाणी प्यायला आल्या होत्या. पर्समधला केकचा डबा त्यांनी आधीच उघडला होता. मागोमाग बाकीच्यांनाही तहान लागली.

आता बुधवारी दिवाणखान्यात लिंबूपाणी असतं आणि स्वयंपाकघरात जेवण. नेम कुणीच मोडलेला नाही. सगळ्या उभ्यानं खातात, आणि उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नसतं. कपडे मात्र कंबरेत दाटू लागलेत. ते सैल करून घ्यायला एकेक जण मावशीकडे येते, "कपडा धुऊन आटला गं" म्हणते. मावशी मान डोलावते, शिवण उसवते. त्या कामातून तिच्या घरचा गॅस रात्रीही पेटू लागलाय.

परवा दिवेलागणीला एक नवीन गिऱ्हाईक फीत कंबरेला लावून घेताना म्हणालं, "मावशी, तुम्ही कशा हो इतक्या बारीक राहता?"

"मी रात्रीचं जेवण सोडलंय," मावशी म्हणाली, आणि गॅसवरच्या पातेल्याचं झाकण खडखडू लागलं तशी घाईनं आत गेली.